दर्भाचा कावळा

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले. नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे नगरचे शाळकरी पोरही सांगते. मौलाना अबुल कलाम आझादांनी त्याच भिंतींआड काय लिहिले, याची आठवण मात्र क्वचित निघते. त्यांनी पत्रे लिहिली. मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून, उर्दूत, कधी ईश्वराबद्दल तर कधी चहाबद्दल आणि कोठडीत घरटे करणाऱ्या चिमण्यांबद्दल. ही पत्रे टपालात पडणार नाहीत हे त्यांना लिहितानाच ठाऊक होते. ती १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने पुस्तक होऊन बाहेर आली. न पोचणाऱ्या पत्रांचे हे पुस्तक वाचताना एक गोष्ट ठळक जाणवते. आझादांना एकटेपण होते, पत्नीच्या मृत्यूची वार्ताही त्यांना तिथेच सोसावी लागली. पण पत्राच्या बाबतीत त्यांना कोणी फसवले नव्हते. 'पाठवले' असे सांगून कोणी ती पत्रे विहिरीत टाकली असती, आणि ते महिनोन्महिने उत्तराची वाट पाहत बसले असते, तर तो अन्याय वेगळ्या जातीचा झाला असता. तुरुंगानेही केला नसता असा तो अन्याय आज एक यंत्र रोज करू शकते, आणि ते तसे करू देणारी सोय कोणीतरी शहाण्या माणसाने त्यात घालून ठेवलेली असते.

हे यंत्र म्हणजे मेल सर्व्हर. ई-मेल पोचला नाही तर काय करायचे, पाठवणाऱ्याला कसे कळवायचे, याचे नियम ठरलेले आहेत. सर्व्हरचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ते किती कडकपणे पाळावेत आणि किती कडकपणे पाळायला लावावेत, हा प्रश्न संगणक खात्याच्या खोलीत निकालात निघण्यासारखा वाटतो. माझ्या मते तो धर्मशास्त्राच्या दालनातला आहे. दुसऱ्याची वस्तू हाती घेऊन 'हो' म्हटल्यावर माणसावर कोणते बंधन येते, हा त्याचा गाभा, आणि तो संगणकाहून दोन हजार वर्षांनी तरी जुना आहे.

आधी व्यवहार समजून घेऊ. ई-मेलही टपालासारखा पाकिटात जातो. पत्राच्या माथ्यावर प्रेषक म्हणून जे नाव आपल्याला दिसते ते आतल्या कागदावरचे. सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते पाकिटावरच्या पत्त्यांवरून, आणि ते पाकीट वाचणाऱ्याला सहसा दिसतच नाही. पाठवणारा सर्व्हर दार ठोठावतो, आपण कोण ते सांगतो, पत्र कोणाकडून आणि कोणासाठी ते सांगतो, मग मजकूर देतो. दारातला सर्व्हर प्रत्येक टप्प्यावर तीन आकडी उत्तर देतो. दोनने सुरू होणारा आकडा म्हणजे हो. चारने सुरू होणारा म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या. पाचने सुरू होणारा म्हणजे साफ नकार. ५५० आला की बहुधा त्या नावाचा माणूस तिथे राहत नाही असे समजायचे. हा संवाद जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात बांधून दिला, आणि जॉन क्लेन्सिन यांनी संपादित केलेल्या २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये त्याचे आज चालणारे रूप आहे. त्यातले एक कलम मला स्मृतिग्रंथातल्यासारखे वाटते. संपूर्ण मजकूर घेऊन सर्व्हरने २५० असे उत्तर दिले की त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी त्याची. यंत्र बंद पडले, जागा संपली, असल्या सबबी चालत नाहीत. पुढचे दार उघडत नसेल तर प्रयत्नांमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्यावा, आणि चार-पाच दिवस झाल्याशिवाय हात टेकू नयेत. हात टेकलेच तर पाकिटावरच्या प्रेषकाला तसे कळवावे. या कळवण्यालाच आपण 'मेल बाउन्स झाला' म्हणतो.

मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत कर्जानंतर लगेच दुसरे पद निक्षेपाचे, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या ठेवीचे आहे. याज्ञवल्क्य स्मृती ठेव सांभाळणाऱ्याला तीन बाबतींत मोकळे करते: राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोराने पळवली तर भरपाई त्याच्याकडे मागता येत नाही. त्याच्या हलगर्जीने गेली तर मागता येते. आरएफसीचे कलम याच तराजूत वस्तू तोलते. फक्त यंत्र बंद पडण्याला ते दैव मानत नाही, कारण यंत्र कधीतरी बंद पडणारच हे ठेव घेतानाच ठाऊक असते. या एका मुद्द्यावर तंत्रज्ञ स्मृतिकारांपेक्षा कडक निघाले. मनूचे आणखी एक वचन इथे उपयोगी पडते. ठेव परत न देणारा आणि ठेव न ठेवताच ती मागणारा, या दोघांनाही त्याने चोराच्या रांगेत उभे केले आहे. त्यातला दुसरा चोर पुढे ई-मेलच्या जगात फार मोठा झाला. त्याच्याकडे मी नंतर वळतो.

बाउन्सची नोटीस जाते तेव्हा तिच्या पाकिटावर प्रेषकाची जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. कारण साधे आहे. नोटीसही पोचली नाही आणि तिच्याबद्दलही नोटीस निघाली, तर दोन सर्व्हर जगाच्या अंतापर्यंत एकमेकांना 'पोचले नाही, पोचले नाही' असे सांगत बसतील. म्हणून नियम असा की सत्य सांगणाऱ्या पत्राने स्वतःसाठी उत्तराची वाट ठेवायची नाही, आणि रिकाम्या प्रेषकाचे पत्र दारात आले तर केवळ ते रिकामे आहे म्हणून कोणी परत लावायचे नाही. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्या ग्रंथावर टीका सांगितली त्यातल्या निष्काम कर्माला इतके कोरडे उदाहरण कोणी दिले नसेल. (या नोटिशीवर सही असते 'मेलर-डीमन' अशी. शब्द इंग्रजी कानांना राक्षसी वाटतो. पण संगणकवाल्यांनी तो मॅक्सवेलच्या भौतिकशास्त्रातल्या, पडद्याआड राबणाऱ्या काल्पनिक जीवावरून घेतला. आपल्याकडे त्याला वेताळापेक्षा गण म्हटलेले बरे.)

नियम असे स्पष्ट असूनही व्यवहारात काय चालते? काही सर्व्हर 'हो' म्हणतात आणि पत्र गुपचूप टाकून देतात. काही रिकाम्या प्रेषकाची पत्रे सरसकट नाकारतात, म्हणजे आपल्या माणसांनी पाठवलेले पत्र बुडाले तरी त्याची बातमी आपल्याच दारातून परत जाते. काही 'पेटी भरली आहे' या तात्पुरत्या अडचणीला 'माणूसच नाही' असे समजतात आणि यादीतून नाव काढून टाकतात. जिवंतपणी तेरावे घालण्याचाच हा प्रकार. सॉफ्टवेअरमध्ये यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी कळ असते. सर्व्हर चालवणारे बहुतेक लोक कळा फिरवत नाहीत, मूळ बसवणीत जे येते तेच चालवतात. त्यामुळे बसवणी ठरवणाऱ्या लेखकाच्या हाती हजारो दारांवरचा आचार असतो. त्याने कडक असावे की सैल?

सैलपणाच्या बाजूने उभा राहणारा साक्षीदार मोठा आहे, खुद्द पोस्टेल. १९८० च्या आसपास इंटरनेटच्या मूळ प्रोटोकॉलांचे दस्तऐवज लिहिताना त्यांनी जे तत्त्व मांडले त्याचा आशय असा: आपण पाठवताना काटेकोर राहावे, दुसऱ्याचे स्वीकारताना उदार असावे. हे एखाद्या संतवचनासारखे ऐकू येते, आणि त्याने जाळे उभे केले यात शंका नाही. वेगवेगळ्या विद्यापीठांत वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली सॉफ्टवेअरे पहिल्याच दिवशी एकमेकांच्या व्याकरणाच्या चुका काढत बसली असती, तर पहिले पत्रच पोचले नसते. त्या काळी बहुतेक मेल सर्व्हर कोणाचेही पत्र कोणाकडेही पुढे पाठवत, विचारपूस नसे. नगर जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजायला शनिशिंगणापूर पुरे आहे. ज्ञानेश्वरीच्या त्याच नेवासे तालुक्यातले हे गाव घरांना दारे नसल्यामुळे ओळखले जाते; २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा काढली तेव्हा ती बिनकुलपाची शाखा म्हणून देशभर गाजली. शिंगणापुरात दार लागत नाही, कारण चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडणार नाही अशी गावाची श्रद्धा आहे. आरंभीच्या इंटरनेटवरही दार लागत नव्हते, कारण सगळे एकमेकांना ओळखत. जाळ्यात अनोळखी माणसे शिरली, स्पॅम पाठवणाऱ्यांनी ती उघडी दारे वापरून लाखो पत्रे ढकलली, आणि नव्वदच्या दशकात ती एकेक करून बंद करावी लागली. मोकळ्या दारामागे कोणता तरी शनि असावा लागतो. जाळ्यात तो नव्हता.

उदारपणाचा दुसरा तोटा अधिक सूक्ष्म आहे. दुसऱ्याची चूक आपण समजून घेतली की ती चूक त्याला कधी कळतच नाही. पुढे ती इतकी रुळते की नव्याने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला नियमाबरोबर जुन्या चुकांचीही नक्कल करावी लागते. २०२३ च्या जूनमध्ये मार्टिन थॉमसन आणि डेव्हिड स्किनाझी यांच्या आरएफसी ९४१३ ने पोस्टेल-तत्त्वाची हीच चिकित्सा केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जणू पुरावा हजर झाला. ई-मेलचा मजकूर संपला हे ओळखण्याची खूण म्हणजे एका ओळीत एकटे टिंब, आणि ती ओळ सुरू होण्याची आणि संपण्याची चिन्हे ठरलेली. काही सर्व्हर ही चिन्हे अर्धवट असली तरी समजून घेत, काही घेत नसत. या दोघांच्या समजुतीतल्या फटीतून एका पत्राच्या पोटात दुसरे पत्र लपवून, दुसऱ्याच्या नावाने, तपासणी चुकवून पाठवता येते, असे संशोधकांनी दाखवून दिले. पोस्टफिक्स, सेंडमेल, एक्झिम या तिन्ही जुन्याजाणत्या सॉफ्टवेअरांना आपला चांगुलपणा आवरावा लागला. म्हणजे ज्या उदारपणाने कोणाचेच नुकसान होत नाही असे वाटत होते, तो खोट्या सहीचे शस्त्र झाला होता.

तर मग सरसकट कडक व्हावे काय? इथे मला वेदातल्या विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेकडे वळावेसे वाटते, कारण 'हे केलेच पाहिजे' या वाक्याची जितकी चिरफाड जैमिनीच्या परंपरेने केली तितकी क्वचितच कोणी केली असेल. आरएफसींमध्येही आज्ञांच्या पायऱ्या असतात. १९९७ च्या आरएफसी २११९ ने 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' या शब्दांचे वजन ठरवून दिले, आणि एखाद्या मीमांसकाला ते ओळखीचे वाटले असते. मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात एक प्रश्न येतो. अग्निहोत्रासारखे रोज करायचेच असे नित्य कर्म आहे आणि त्याची सगळी अंगे साधणे माणसाला शक्य नाही. मग त्याने ते सोडून द्यावे का? उत्तर आहे, नाही. जेवढी अंगे साधतील तेवढ्यांनिशी करावे, पण प्रधान कर्म चुकवू नये. फळाच्या इच्छेने केलेल्या काम्य कर्माला ही सवलत नाही. ते सगळ्या अंगांसह झाले पाहिजे. पुढे प्रतिनिधीचा विचार येतो. साळीचा तांदूळ मिळाला नाही तर रानातला नीवार चालेल, एक द्रव्य नसेल तर त्याच्यासारखे दुसरे घ्यावे. मात्र देवतेच्या जागी दुसरी देवता, अग्नीच्या जागी दुसरा अग्नी, मंत्राच्या जागी दुसरा मंत्र आणि क्रियेच्या जागी दुसरी क्रिया चालत नाही. कारण द्रव्य बदलले तरी कर्म तेच राहते. देवता बदलली की ते कर्म वेगळेच होते.

ही फोड बाउन्सच्या नियमांना लावली की माझी भूमिका आपोआप मांडली जाते. 'हो' म्हटल्यावर पत्र पोचवणे किंवा न पोचल्याचे कळवणे, हे प्रधान. नोटीस ज्याने पत्र खरोखर पाठवले त्यालाच जाणे, ही देवता. नोटिशीचा प्रेषक रिकामा असणे, ही क्रिया. तात्पुरता नकार आणि कायमचा नकार यांची गल्लत न करणे, हा मंत्र. या चारांत सॉफ्टवेअरने इतके कडक असावे की चालवणाऱ्याला कळ फिरवूनही सहज मोडता येऊ नये. मोडायचेच असेल तर त्याला हेतुपुरस्सर, नोंदवहीत उमटेल अशा रीतीने मोडावे लागावे. बाकीचे सगळे द्रव्य आहे. नोटीस २००३ च्या आरएफसी ३४६४ मध्ये सांगितलेल्या तीन भागांच्या साच्यात बसते की नाही, '५.१.१' असा सविस्तर आकडा तिच्यात आहे की नुसतेच एक वाक्य, मूळ पत्र संपूर्ण जोडले आहे की फक्त माथा, यावरून कोणाची नोटीस फेकून देणे म्हणजे साळी नाहीत म्हणून अग्निहोत्र सोडणे. तिथे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने होईल तितके समजून घ्यावे. फक्त समजून घेणे आणि तर्क करणे यांतली रेघ सांभाळावी. नोटिशीतून कोणता पत्ता बंद झाला हे नीट उमगत नसेल तर अंदाजाने कोणाचे नाव कापू नये.

यावर पहिला आक्षेप जोरदार आहे, आणि तो आचारातून आलेला आहे. स्पॅम पाठवणारा पाकिटावर खोटा प्रेषक लिहितो. नियम अक्षरशः पाळणारा सर्व्हर ते पत्र घेतो, पोचवता येत नाही असे पाहतो आणि त्या बिचाऱ्या खोट्या नावाच्या खऱ्या माणसाला नोटीस पाठवतो. ज्याने ठेव ठेवलीच नाही त्याच्या दारात 'तुझी ठेव परत घे' म्हणून हजारो हमाल येऊन उभे राहतात. मनूचा दुसरा चोर तो हाच, फक्त इथे तो दुसऱ्याच्या नावाने ठेव टाकून पळतो. डॅनियल बर्नस्टीन यांचे क्यूमेल हे सुरक्षिततेसाठी नावाजलेले सॉफ्टवेअर मूळ बसवणीत दारात नाव न तपासताच पत्र घेई आणि मग परत पाठवी. प्रामाणिकपणा म्हणून जे केले त्याचा त्रास तिऱ्हाइतांना झाला. आक्षेप घेणारे म्हणतात, असले सत्य काय कामाचे? महाभारतातल्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो ती याच्याशी जुळते. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाला दरोडेखोरांनी विचारले, पळालेली माणसे कुठे गेली? त्याने खरे सांगितले, माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. सत्य कोणाला सांगतो आहोत हे न पाहणाऱ्याचे सत्य अधर्म ठरू शकते.

कौशिकाची गोष्ट मला मान्य आहे. तिच्यातून 'मग गप्पच बसा' असा निष्कर्ष निघतो, हे मान्य नाही. बाउन्सच्या बाबतीत सत्य सांगण्याच्या दोन वेळा आहेत आणि आक्षेप त्यांतल्या दुसरीलाच लागू पडतो. पत्र दारात असताना, २५० म्हणण्याआधी, समोर उभा असलेला सर्व्हर कोण हे निश्चित असते. पाकिटावर काहीही लिहिलेले असो, जोडणी त्याच्याशीच आहे. तिथेच नावांची यादी पाहून, मजकूर पारखून, '५५०, असा कोणी नाही' म्हणता येते. पाठवणारा खरा असेल तर त्याचाच सर्व्हर त्याला कळवतो. खोटा असेल तर नकार त्या चोरापाशीच विरतो, तिऱ्हाइताच्या दारी जात नाही. पत्र आत घेऊन दार लावल्यावर मात्र हाती उरते ते फक्त पाकिटावरचे नाव, आणि नाव कोणीही लिहू शकतो. म्हणून कडकपणाची जागा दार ही आहे. क्यूमेलच्या मूळ बसवणीतली चूक सत्य सांगण्यात नव्हती, पारख न करता ठेव स्वीकारण्यात होती. आज पोस्टफिक्ससारखी सॉफ्टवेअरे अनोळखी नाव मूळ बसवणीतच दारात नाकारतात, आणि नियमाचा एक शब्दही न मोडता तो त्रास आटोक्यात येतो. पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पुढे जाते तिथे ही पारख अवघड होते, हे खरे. पण तो मोजक्या वाटांचा प्रश्न आहे आणि त्यासाठी सगळ्यांनाच मौनाची मुभा देण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप मौनाच्या बाजूचा. स्पॅमवाल्याला नकार कळवला तर तो शहाणा होतो, नवी युक्ती काढतो. म्हणून 'हो' म्हणावे आणि पत्र कचऱ्यात टाकावे. आरएफसी ५३२१ सुद्धा इथे अगदीच निर्दय नाही. न कळवता पत्र टाकून देणे व्यवहारात चालते असे तो मान्य करतो, पण लगेच ते अत्यंत धोक्याचे आहे, आणि पत्र एक तर पोचते नाही तर परत येते या जुन्या परंपरेला छेद देणारे आहे, असे बजावतो. तांत्रिक दस्तऐवजाने परंपरेची साक्ष काढावी हे लक्षणीय आहे. माणसांना ई-मेलवर विसंबण्याचा हक्क कुठून मिळतो? वेगातून किंवा स्वस्ताईतून तो मिळत नाही. 'काही आले नाही, म्हणजे पोचले' या गृहीतातून मिळतो. एक मौन या गृहीताला तडा देते, आणि मग प्रत्येक पत्रानंतर 'मिळाले का?' असा फोन करावा लागतो.

आपल्याकडे मौनाला पर्याय म्हणून खोटी पोच तयार करण्याचा एक विधी आहेच. दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला की पोचले. शिवला नाही तर नातेवाईक एकेक इच्छा आठवतात, मुलीचे लग्न लावून देऊ म्हणतात, भावाला सांभाळू म्हणतात. अमरधामच्या कट्ट्यावर ऊन चढते, आणि अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवतात. हा विधी मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही, कारण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की हा कावळा दर्भाचा आहे. खऱ्या कावळ्याने नकार दिला ही बातमी लपलेली नसते. ती पचवून मगच दर्भ हाती घेतला जातो, आणि दिलेल्या वचनांचे ओझे घरी नेले जाते. मौनी सर्व्हर दर्भाचा कावळा करतो आणि तो खरा होता असे सांगतो. नोकरीचा अर्ज, दवाखान्याचा अहवाल, न्यायालयाची तारीख अशा पत्रांच्या बाबतीत, पोचले असे समजून स्वस्थ बसलेला माणूस त्या खोटेपणाची किंमत मोजतो. स्पॅमवाला मोजत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी कळतेच. संशय असेल तर दारात नाकारा, किंवा घेऊन स्पॅमच्या पेटीत ठेवा, जिथे मालकाला निदान डोकावता तरी येते. २५० म्हणून जाळून टाकणे हा पर्याय कीड लागलेल्या, म्हणजे निश्चितपणे घातक असलेल्या पत्रापुरता ठेवावा, आणि तिथेही नोंद व्हावी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. कडकपणा नेहमी बलवानांच्या पथ्यावर पडतो. एखाद्या तालुक्याच्या सहकारी पतसंस्थेचा सर्व्हर एक तरुण फावल्या वेळात सांभाळतो; नियमाची एक मात्रा चुकली की त्याची पत्रे जगभर नाकारली जातात. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांवर सहीच्या आणि ओळखीच्या अटी घातल्या. जीमेलसाठी मोठा म्हणजे दिवसाला पाच हजार पत्रे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली. अटी रास्त आहेत. पण दार त्यांचे, पारख त्यांची, आणि नाकारले गेलेल्या लहान्याने दाद कोणाकडे मागायची हे धूसर. म्हणून आक्षेप घेणारे म्हणतात, सैल राहा, लहानांना जगू द्या. मला यातली वेदना पटते, औषध पटत नाही. मी ज्या चार गोष्टींत कडकपणा मागतो त्या कोणाच्या अंगावर पडतात, ते पाहा. पहिली आणि सर्वांत जड अट घेणाऱ्यावर आहे, म्हणजे ज्याच्या हाती दार आहे त्याच्यावर. पतसंस्थेच्या तरुणाला नकार मिळाला, कारणाच्या आकड्यासकट मिळाला, तर तो दुरुस्ती करू शकतो. त्याचे पत्र 'हो' म्हणून गिळले गेले तर त्याच्याजवळ भांडायलाही काही उरत नाही. प्रत्येक डोमेनवर 'पोस्टमास्टर' नावाचा पत्ता चालू असलाच पाहिजे, असा नियम आरएफसी ५३२१ मध्येच आहे; थोर लोकांनी तोही कडकपणे पाळला तर दाद मागायला निदान एक खिडकी राहील. सैलपणाचा फायदा लहानांना मिळतो असे वाटते, पण मौनाचा फायदा फक्त थोरांनाच मिळतो, कारण गिळलेल्या पत्राचा हिशेब त्यांना कोणी विचारू शकत नाही.

टपालखात्याचा दाखला देऊन कोणी म्हणेल की पोस्टमन तर कधीपासून सैलपणावरच चालतो, आणि त्याच्याइतके विश्वासू कोण? हे खरे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण जुन्या नावाने टाकलेले पत्र पोचेलच, कारण वाचणारा माणूस आहे आणि शिवाय खाली ४१४००१ लिहिलेले आहे. हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या टपालखात्यातल्या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. ते संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, नाना लिप्यांत लिहिलेले पत्ते, या गोंधळावर त्यांनी काय उपाय काढला ते पाहण्याजोगे आहे. नाव कसेही लिहा, त्यात सूट; आकडा मात्र चुकू नका. ही मीमांसकांचीच फोड झाली. पोस्टमनचा सैलपणा सुरक्षित राहतो, कारण त्याला गल्ली ठाऊक असते आणि शंका आली तर तो दार वाजवून विचारतो. सर्व्हर विचारू शकत नाही. डोमेनच्या नावात एक अक्षर बदललेले दिसले म्हणून तो जुळणारे गाव शोधत बसला, तर ती माया ठरत नाही; तो दुसऱ्याचे पत्र तिसऱ्याच्या घरात टाकतो. पत्ता बदललेल्यांसाठी नियमांतच सोय आहे: २५१ म्हणजे 'इथे राहत नाही, पण मी पुढे पाठवतो', ५५१ म्हणजे 'इथे राहत नाही, अमुक पत्त्यावर पाहा'. नाव बदलणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने जुने दार काही वर्षे यांतल्या एका उत्तरासाठी तरी उघडे ठेवायला हवे.

आणि पत्ता देवनागरीतच असला तर? २०१२ च्या आरएफसी ६५३१ पासून ई-मेलचा पत्ता मराठीत लिहिता येतो, २०१४ पासून '.भारत' हे डोमेनही आहे. समोरच्या सर्व्हरला ही लिपी समजत नसेल तर पाठवणाऱ्याने पत्त्याचे मनाने रोमन रूपांतर करून पत्र ढकलू नये, परत करावे. तिथेही कडकपणा देवतेच्या बाबतीतच आहे, आणि मराठी पत्ता वापरणाऱ्याला तो आज त्रासाचा वाटला तरी त्याच्याच हिताचा आहे. परत आलेली नोटीस मात्र इंग्रजीत येते. '५५०' आणि त्यापुढे चार इंग्रजी ओळी पाहून अनेकजण ती स्पॅम समजून न वाचताच पुसतात, म्हणजे सत्य सांगितले गेले आणि ऐकले गेले नाही. नोटिशीत इतर लिप्यांतले पत्ते कसे लिहावेत याचा नियम, आरएफसी ६५३३, त्याच २०१२ सालचा आहे. पोस्टफिक्समध्ये हा मजकूर एका साध्या फाइलमध्ये असतो आणि चालवणाऱ्याला तो बदलता येतो. 'तुमचे पत्र पोचले नाही, कारण खाली दिले आहे' एवढे वाक्य त्या फाइलमध्ये मराठीत लिहायला नगरच्या कोणत्याही कार्यालयाला अर्धा तास पुरेल.